‘गाडी चालतेय ना?’ या युक्तिवादाला उत्तर

जुन्या ट्रकचं दार लोंबायला लागलं किंवा डिझेलचा काटा मेला, की माळेगाव बुद्रुकपासून इंदापूरपर्यंत एकच उत्तर मिळतं: गाडी चालतेय ना? मग हंगाम झाल्यावर बघू. या उत्तरामागे एक पुरता युक्तिवाद आहे आणि तो वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून आधी तो नीट मांडतो. ऊसवाहतूक दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपते. तेवढ्या चार-पाच महिन्यांत गाडीने वर्षभराचं कमवायचं असतं. दारासाठी गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली तर खेपा बुडतात, ऊसतोडणीची टोळी फडात बसून राहते, मुकादम डोकं खातो. त्यातून गाडी वीस-पंचवीस वर्षांची, काही तर त्याहून जुन्या. आज ना उद्या ती भंगारातच जायची. अशा गाडीच्या बिजागऱ्यांवर आणि मीटरवर पैसे घालणं ही हौस झाली. खर्च करायचाच तर इंजिन, गिअरबॉक्स, टायर, ब्रेक यांवर करावा. दार दोरीने बांधता येतं आणि डिझेल काठीने मोजता येतं.

मला यातलं जवळजवळ काहीच मान्य नाही. हा युक्तिवाद यंत्राच्या दृष्टीने चुकीचा आहे, पैशाच्या दृष्टीने आखूड नजरेचा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मांडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

कोणती कामं लगेच होतात आणि कोणती लांबणीवर पडतात, एवढं पाहिलं तरी हे कळतं. इंजिन डिझेल जास्त खाऊ लागलं की त्याचे पैसे मालकाच्या खिशातून जातात; नोझल दुसऱ्याच दिवशी पंपवाल्याकडे पोचतात. टायर फुटला की मालकाची खेप बुडते. रात्रीत टायर येतो. क्लचप्लेट, गिअरबॉक्स, पाटे यांचंही तसंच. बिजागरी झिजली तर मालकाचं काय जातं? काहीच नाही. रोज पन्नास वेळा ते दार दोन्ही हातांनी उचलून लावतो तो ड्रायव्हर. खड्ड्यात लॅच सुटून दार उघडलं तर बाहेर फेकला जाणार तो ड्रायव्हर, नाहीतर क्लीनर. काटा बंद असेल तर पणदरे-कोऱ्हाळ्याच्या रस्त्यावर मध्यरात्री, भरलेली गाडी अर्धी डांबरावर ठेवून फीड पंपाचा प्रायमर दाबत एअर काढत बसतो, तोही तोच. मालक त्या वेळी घरी झोपलेला असतो. मालक दुष्ट असतात असं मी म्हणत नाही. पुष्कळ मालक स्वतः एके काळचे ड्रायव्हर आहेत. पण ज्याचा त्रास आपल्याला होत नाही ते काम पुढे ढकलणं सोपं असतं, आणि जुन्या ट्रकच्या बाबतीत हे ढकलणं वर्षानुवर्षं चालू राहतं.

हंगामाच्या सुरुवातीला बीड आणि नगरकडून टोळ्या येतात तेव्हा केबिनमध्ये ड्रायव्हर-क्लीनरच असतात असंही नाही. संसाराचं गाठोडं मागे फाळक्यात आणि तान्ही लेकरं घेतलेल्या बाया पुढे केबिनमध्ये, असा तो प्रवास असतो. दाराकडेच्या जागेवर कोण बसलेलं असतं हे आठवून मग ‘दोरीने बांधू’ म्हणावं. दोरीने बांधलेलं दार आतून पटकन उघडतही नाही. गाडी कॅनॉलच्या भरावावरून कलली किंवा वायरिंगने पेट घेतला तर त्या दोरीची गाठ सोडायला किती वेळ लागेल, याचा हिशोब कोणी करत नाही.

आता बिजागरीकडे. पहिला आक्षेप असतो की ओरिजिनल पार्ट मिळत नाही. हा आक्षेप या गाड्यांचा जन्म कसा झाला ते विसरतो. टाटांच्या टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये तो करार संपला, बोनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला, पण बाराशे दहा या मॉडेलचा तोंडवळा पुढे कितीतरी वर्षं तोच राहिला. कारखान्यातून बहुतेक गाड्या चासी म्हणून बाहेर पडायच्या: इंजिन, बोनेट, काउल, स्टिअरिंग, चाकं. ड्रायव्हर तोंडाला फडकं गुंडाळून उघड्यावर बसून ती चासी शेकडो मैल चालवत आणायचा. केबिन, दारं, फाळका हे सगळं गावोगावच्या बॉडीबिल्डरांनी केलेलं. सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर पत्रा, आणि बिजागरी स्थानिक लेथवर किंवा लोहाराच्या भात्यावर घडवलेली. लेलँडच्या कॉमेटचीही हीच रीत. म्हणजे ज्या बिजागरीचा ओरिजिनल पार्ट शोधला जातो, ती मुळात इथल्याच कारागिराने बनवलेली होती. चाळीस वर्षांपूर्वी जे बारामतीच्या वर्कशॉपात हाताने झालं ते आज त्याच बारामतीत होणार नाही हे म्हणणं मला तरी पटत नाही. लेथ तेव्हापेक्षा आज जास्त आहेत.

दुसरा आक्षेप जरा खोल आहे: बिजागरी कितीही बदला, सहा महिन्यांत दार पुन्हा लोंबतं. हे खरं आहे, आणि ते का होतं हे समजून न घेता केलेली दुरुस्ती वाया जाते. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब मेंबर आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. ती थोडी पिळली जावी अशीच बनवलेली असते. डांबरी रस्त्यावर हा पीळ जाणवत नाही. पण काळ्या रानात, सरीतून, चारीच्या बांधावरून भरलेली गाडी बाहेर काढताना एक चाक वर, एक खाली असतं आणि पीळ थेट केबिनपर्यंत जातो. दाराची चौकट क्षणभर तिरकी होते, दार मात्र चौकोनीच राहतं, आणि दोघांमधला तो सगळा ताण पिन आणि बुश सोसतात. त्यातच धूळ आणि उसाचं पाचट. ग्रीस कोणी कधी दिलेलं नसतं. पिनीचं भोक गोल न राहता लांबट होतं, दार एका कोपऱ्यावर खाली बसतं, लॅच आणि स्ट्रायकर एकमेकांना नीट भेटत नाहीत, म्हणून ड्रायव्हर दार आपटतो, आणि आपटल्याने लॅचही झिजतो. शेवटी झिजलेल्या बिजागरीचं खापर लॅचवर फुटतं आणि बदलला जातो लॅच.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. दार अर्धं उघडायचं, खालच्या कडेला हात घालून वर उचलायचं आणि डोळा बिजागरीवर ठेवायचा. पिन आपल्या घरात हलत असेल तर दोष पिनीचा आणि बुशचा. पिन घट्ट असून अख्खी बिजागरीच खांबावर हलत असेल तर दोष बिजागरीचा नाहीच. आतलं लाकूड कुजलंय किंवा पत्र्यामागची पट्टी तडकलीय. या दुसऱ्या प्रकारात नवीन बिजागरी ठोकणं म्हणजे त्याच कुजक्या लाकडात नवे स्क्रू घालणं. सहा महिन्यांत लोंबणारी दारं बहुतेक याच जातीची असतात. तिथे खांबाचा तेवढा तुकडा कापून जुनं, मुरलेलं लाकूड सांधावं लागतं, मागून पोलादी पट्टी द्यावी लागते आणि स्क्रूऐवजी आरपार नटबोल्ट घ्यावे लागतात.

पिनीचं काम तर त्याहून सोपं. लांबट झालेलं भोक रीमरने पुन्हा गोल करायचं, त्यात पितळी किंवा गनमेटलचा बुश बसवायचा, नवी पिन टर्नरकडून करून घ्यायची, जमलं तर ग्रीस निपलची सोय ठेवायची. दार बसवताना खाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्यायचा, गाडी सपाट जमिनीवर उभी हवी, आणि वरच्या-खालच्या दोन्ही पिना एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. ओळंबा चुकला तर नवे बुशही एका अंगाने खाल्ले जातात. या सगळ्याला जे पैसे लागतात ते एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाहीत. याउलट चालू पद्धत अशी: गेटची तयार बिजागरी आणून खांबाच्या पत्र्याला वेल्डिंगने चिकटवायची. पत्रा जळतो, आतलं लाकूड करपतं, आणि पुढच्या मिस्त्रीला मूळ जागा कुठे होती तेही कळत नाही. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. उरलंसुरलं दारही त्याने संपतं.

यावर हमखास म्हटलं जातं, ‘एवढं बारकाईचं काम आता कोण करतो?’ माळेगावात उभं राहून हा प्रश्न विचारणाऱ्याने शिवनगरला माळेगाव साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये पावसाळ्यात जाऊन यावं. गाळप थांबलं की मिल उघडतात. रोलर बाहेर काढून लेथवर चढवतात, झिजलेल्या खाचा पुन्हा पाडतात, दातांवर वेल्डिंगचे थर देतात, बेअरिंगची घरं घासूनपुसून बसवतात, कॅरिअरच्या साखळ्यांची एकेक कडी तपासतात. सोमेश्वरला हेच, भवानीनगरच्या छत्रपतीला हेच. सहकारी कारखानदारीची सत्तर वर्षं या ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगवर उभी आहेत. बुश झिजला म्हणून मिल भंगारात काढा असं एखादा संचालक म्हणाला तर सभासद त्याला सभेत उभं राहू देणार नाहीत. गव्हाणीच्या अलीकडे मात्र, त्याच उसाला फडातून वजनकाट्यापर्यंत आणणाऱ्या गाडीचा बुश झिजला, तर तो वयाचा दोष ठरतो! टर्नर, फिटर, वेल्डर ही माणसं याच गावांत राहतात. उणीव हाताची नाही. ट्रकचं दार हे कोणाच्या कामाच्या यादीतच नाही.

डिझेलच्या काट्याबद्दल मला अधिक सांगायचं आहे, कारण तिथे यंत्राबरोबर माणसाची अब्रूही गुंतलेली असते. काटा बंद असलेल्या गाडीत डिझेलचा हिशोब अंदाजावर चालतो. मालक म्हणतो इतकं टाकलं, इतक्या खेपा झाल्या, मग उरलं किती? ड्रायव्हर म्हणतो यार्डात रात्रभर नंबर लागेना, रांगेत गाडी चालू-बंद करत पुढे घ्यावी लागली, रानात पहिल्या गिअरमध्ये रेटावी लागली. दोघंही खरं बोलत असतील, पण ड्रायव्हरच्या बाजूने बोलायला साक्षीदार नसतो. डिझेल विकल्याचा संशय एकदा आला की तो माणूस पुढच्या हंगामात त्या गावात टिकत नाही. काही ड्रायव्हर डिझेल काढतात, हेही खरं. पण चालू काटा चोराला अडचणीचा आणि प्रामाणिक माणसाला आधाराचा असतो. बंद काट्यामुळे दोघं एकाच पंगतीला बसतात. ‘आमचा काटा मुद्दाम बंद ठेवलाय, ड्रायव्हरला कळायलाच नको टाकीत किती आहे,’ असंही बोललं जातं. चोरी रोखायचा यापेक्षा उलटा उपाय शोधून सापडणार नाही.

काठीचा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. काठी खोटं बोलत नाही, तिला वायर लागत नाही. पण काठी खरी ठरते ती गाडी सपाट उभी असताना, दिवसाउजेडी, आणि टाकीचं बूच उघडणं परवडत असताना. रानाच्या उतारावर तीच काठी भलतं माप दाखवते. प्रत्येक वेळी बूच उघडलं की काठीला लागलेली माती आणि उडतं पाचट आत जातं. फ्युएल पंपाच्या एलिमेंटमधली फट मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी बारीक असते. तिथे पोचलेली धूळ मालकाच्याच खिशाला चाट देते. शिवाय अंदाज चुकून टाकी तळाला गेली की तिथला गाळ आणि पाणी आधी फिल्टरमध्ये जातं, आणि मग एअर धरते. जो खर्च वाचवला म्हणून पाठ थोपटली, तो पंपवाल्याच्या बिलात निघतो.

आणि खोळंब्याचं काय? तोडलेला ऊस थांबत नाही. तो वाळतो, वजनात घटतो, आतली साखरही उतरत जाते. टाकी कोरडी पडून गाडी चार तास अडली तर त्यातलं थोडं नुकसान शेतकऱ्याच्या वजनावर आणि थोडं कारखान्याच्या साखर उताऱ्यावर पडतं. हंगाम बुडू नये म्हणून काट्याचं काम लांबवणारा माणूस हंगामाचेच तास असे घालवतो.

काट्याचा दोष शोधणं अवघड आहे, हा समजही खरा नाही. जुन्या ट्रकमध्ये ही सगळी यंत्रणा तीन गोष्टींची: टाकीतला फ्लोट, बोर्डावरचं मीटर, आणि दोघांना जोडणारी वायर व अर्थिंग. चावी बंद ठेवून टाकीवरच्या युनिटची वायर काढायची, ती टाकीच्या तोंडापासून लांब, चासीच्या स्वच्छ खरवडलेल्या जागी धरायची आणि मग चावी द्यायची. वायर सुटी असताना काटा एका टोकाला आणि चासीला टेकल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर शाबूत आहेत. दोष टाकीत किंवा अर्थिंगमध्ये. काटा जागचा हलला नाही तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. काही मीटर गरम होणाऱ्या पट्टीवर चालतात, त्यांचा काटा सावकाश सरकतो, तेव्हा क्षणभर थांबावं, पण वायर धरूनही बसू नये. अशा गाडीत डिझेल आणि टेंपरेचर हे दोन्ही काटे एकाच वेळी खोटं दाखवायला लागले तर टाकी उघडू नये. दोघांना ठराविक दाबाची वीज देणारा स्टॅबिलायझर आधी पाहावा.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो अर्थिंगचा दोष. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली, वरून रंगाचे थर, खालून गंज. चासीशी तिचा विजेचा संबंधच तुटतो. टाकीच्या युनिटपासून चासीपर्यंत एक जाड वायर टाकली की वर्षानुवर्षं मेलेला काटा जिवंत होतो. ज्या कामाला गाडी दोन दिवस उभी करावी लागेल अशी भीती घातली जाते, ते चहा निवायच्या आत उरकतं. दुसरा दोष फ्लोटचा. पितळी फ्लोटला बारीक चीर पडून डिझेल आत शिरतं, तो बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो. कानाशी हलवला की आतलं डिझेल ऐकू येतं, गरम पाण्यात धरला की चिरेतून बुडबुडे येतात. आतलं सगळं डिझेल काढून, कोरडा करून डाग दिला की काम झालं. तिसरा दोष, काटा अर्ध्यावर आला की एकदम पडतो. युनिटमध्ये गुंडाळलेल्या बारीक तारेवरून एक पत्ती सरकत असते. गाडी बहुतेक वेळ अर्ध्या-पाव टाकीवर चालते, म्हणून तार तिथेच झिजून तुटते. हे युनिट उघडून नव्याने तार गुंडाळणारे मीटरवाले अजून आहेत, आणि त्यांच्याकडे काम नेणारे कमी झाले म्हणूनच ते कमी होत आहेत.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र जोर देऊन सांगायला हवी. फ्लोट काढताना टाकी गळकी दिसली म्हणून तिला जागेवरच वेल्डिंगचा चटका देऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत डिझेलची वाफ कोंडलेली असते. टाकी उतरवून, पाण्याच्या वाफेने धुऊन, मगच तिला हात लावायचा.

इथे ‘युनिव्हर्सल मीटर बसवून टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणं भाग आहे. बाजारातलं चकचकीत मीटर बोर्डावर बसतं, दिवाही लागतो, काटाही हलतो. पण मीटर आणि टाकीतलं युनिट ही जोडी असते. युनिटचा रोध किती ओहमपासून किती ओहमपर्यंत बदलतो त्यावर मीटर आखलेलं असतं. जोडी फुटली की अर्ध्या टाकीला पाऊण दिसते, पाव टाकीला अर्धी. चोवीस व्होल्टच्या गाडीवर बारा व्होल्टचं मीटर लावून ते जाळल्याची उदाहरणंही थोडी नाहीत. मेलेल्या काट्यावर ड्रायव्हर विसंबत तरी नाही. हलत्या पण खोट्या काट्यावर तो विसंबतो आणि रस्त्यात अडकतो. टाकीच बदलून मोठी, जास्त खोल बसवलेली असेल तर जुन्या युनिटची दांडी तळापर्यंत पोचत नाही. दांडी त्या टाकीच्या खोलीनुसार करून घ्यावी, आणि शेवटी सपाट जागेवर रिकाम्या टाकीत मोजून वीस-वीस लिटर ओतत काटा कुठे उभा राहतो त्याच्या खुणा काचेवर कराव्यात. अशा खुणा केलेल्या मीटरवर मालक आणि ड्रायव्हर दोघंही बोट ठेवून बोलू शकतात.

राहिला मोठा युक्तिवाद: या गाड्या भंगारातच जाणार. १३ ऑगस्ट २०२१ रोजी वाहने मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या जड वाहनाच्या फिटनेस प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचं शुल्क साडेबारा हजार रुपये झालं. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनाला फिटनेस दरवर्षी घ्यावाच लागतो, म्हणजे तो भार वर्षाचा ठरला. त्याच २०२१ च्या जुलैत विंटेज वाहनांचे नियम आले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी, ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर. पण हा मान दुचाकींना आणि खासगी मोटारींना. मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसतच नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते. धरणांचं सिमेंट आणि पन्नास हंगामांचा ऊस वाहिलेला बाराशे दहा मात्र भंगार ठरतो. हा भेद मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलायला हवा.

धुराचा आक्षेप खरा आहे, तो मी टाळत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचं बीएस-सहा मानक लागू झालं. त्याच्या तुलनेत या जुन्या इंजिनांचा धूर फार जास्त, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी ती बीएस-सहा होणार नाहीत. दाटीच्या शहरात त्यांना मज्जाव करणं मला समजतं. पण मग मोजा धूर. वयाच्या आकड्यावर गाडी बाद करण्याचा प्रयोग दिल्लीत झाला: दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, २०२५ च्या १ जुलैला अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा आदेश अमलात आला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांत तो स्थगित करावा लागला. दुसरीकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारी आणि शेतीची अवजारं घेतली. ज्या गाड्या साध्या पान्यांनी, लेथने आणि डाग देण्याच्या कावियाने दुरुस्त होतात त्या मोडायच्या, आणि ज्यांना लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही त्यांच्यासाठी दुरुस्तीचा हक्क मागायचा, या दोन धोरणांचा मेळ मला लागत नाही.

मात्र या वादात जुन्या ट्रकच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पाय आपल्याच लोकांनी ओढला आहे. दोरीने बांधलेलं दार आणि मेलेला काटा घेऊन एखादी गाडी फिटनेसला उभी राहते तेव्हा ती मोडीच्या बाजूने साक्ष देते. इन्स्पेक्टरला इंजिनचं आतलं आरोग्य दिसत नाही. त्याला दार दिसतं. वीस वर्षांच्या हयगयीला तो वीस वर्षांचं वय समजतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

जुनी गाडी राखली तर काय होतं, हे बेडफर्डकडे पाहिलं की कळतं. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, ती बेडफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड ट्रक कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बांधले. आज ते आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले. सीमेपलीकडे पाकिस्तानात मात्र साठ-सत्तरच्या दशकातले बेडफर्ड अजून माल वाहतात, आणि पेशावर-स्वातकडे त्यांना कोरीव लाकडी दारं बसवतात.  एवढं जड लाकडी दार तोलायचं तर बिजागरी जाड लागते, पिन तेवढ्याच मापाची लागते, आणि ती बदलायला लागते तेव्हा बदलली जाते.

माझी मागणी भावनेची नाही, कामाची आहे. पावसाळ्यात कारखान्याचा शेतकी विभाग वाहतुकीचे करार करतो तेव्हा गाडीचे कागद पाहतो. त्याच वेळी गाडीही पाहावी: चारही बिजागऱ्या, दोन्ही लॅच, डिझेलचा काटा. त्या महिन्यांत कारखान्याच्या वर्कशॉपातले लेथ चालू असतात आणि टर्नर जागेवर असतात. ठराविक दरात पिना आणि बुश तिथेच करून द्यावेत, एक मीटरवाला आठवडाभर यार्डात बसवावा, आणि झालेला खर्च उचलीसारखाच वाहतूक बिलातून वळता करावा. ज्या गाडीचं दार आतून-बाहेरून एका हाताने उघडत नाही आणि ज्या गाडीचा काटा खुणेवर येत नाही, तिला करार नंबर देऊ नये. माळेगाव, सोमेश्वर आणि छत्रपती या तिन्ही कारखान्यांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय लेखी मांडावा, आणि तो मांडताना सभेला चार ड्रायव्हरही बोलावावेत.